काळबादेवीचा कापड दलाल : मुंबईत ग्राहक जोडून देणाऱ्या एका जुन्या सेवेचे परीक्षण

सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडी येथे माल तयार करणाऱ्या छोट्या कारखानदाराला कधी ना कधी मुंबईच्या बाजारात ग्राहक शोधावे लागतात. त्या वेळी ओळखी जोडून देणाऱ्या अनेक सेवा त्याच्यापुढे उभ्या राहतात. वाणिज्य मंडळांचे सभासदत्व, प्रदर्शनातील गाळा आणि दर आठवड्याला सकाळी भरणाऱ्या उद्योजकांच्या बैठका या त्यांपैकी ठळक सेवा असून त्यांची माहितीपत्रके सहज मिळतात. चौथी सेवा बाजारातल्या दलालाची, आणि तिची ना पाटी असते ना माहितीपत्रक. सोलापुरात टेरी टॉवेलचा छोटा कारखाना चालवताना मी या चारही सेवा पैसे मोजून वापरल्या आहेत. हे परीक्षण मुख्यतः दलालाच्या सेवेचे आहे. बाकीच्या तिन्हींचा विचार तुलनेपुरता केला आहे.

परीक्षणाचा निकष आधीच सांगून ठेवतो. मुंबईत ग्राहक मिळणे फारसे अवघड नसते, कारण भाव बरा असेल तर माल घेणारे पुष्कळ भेटतात. घेतलेल्या मालाचे पैसे तो ग्राहक केव्हा देईल, हे आधी कळणे मात्र अतिशय अवघड असते, आणि छोट्या कारखान्याचे जगणे त्याच माहितीवर अवलंबून असते. सुताचे पैसे आम्हाला रोख किंवा फार तर एक-दोन आठवड्यांत चुकवावे लागतात. विणाई, रंगाई, शिलाई आणि बांधणी होऊन माल निघाला की पुढे साठ ते नव्वद दिवसांची उधारी सुरू होते. महिन्याला दहा लाखांची विक्री आणि नव्वद दिवसांची उधारी धरली, तर तीस लाख रुपये कायमचे बाजारात अडकून पडतात. ग्राहकाने आणखी साठ दिवस लावले की त्यात वीस लाखांची भर पडते, आणि बँकेचे व्याज दहा टक्के धरले तरी या जादा रकमेवर वर्षाला दोन लाख जातात, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपासच्या वार्षिक उलाढालीवर जवळजवळ पावणेदोन टक्के. टॉवेलच्या धंद्यात एवढी रक्कम म्हणजे नफ्याचा मोठा हिस्सा असतो. म्हणून प्रत्येक सेवेला मी एकच प्रश्न विचारला आहे : समोरचा माणूस पैसे केव्हा देतो, हे ती मला सांगू शकते का?

मुळजी जेठा मार्केट आणि त्याच्या भोवतीच्या काळबादेवीच्या गल्ल्या हे या सेवेचे क्षेत्र आहे. शेख मेमन स्ट्रीट, झवेरी बाजार आणि मुंबादेवीचे मंदिर यांच्या शेजारी वसलेला हा घाऊक कापडबाजार एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरले आणि कापड बनवण्याचे काम यंत्रमागांच्या गावांकडे गेले, तरी त्या कापडाचा सौदा करण्याचे काम बरेचसे इथेच राहिले. बाजारातील बहुतेक पेढ्या गुजराती आणि मारवाडी कुटुंबांच्या आहेत. काही ठिकाणी अजून पांढऱ्या चादरीची गादी आणि लोड आहेत, तर काही ठिकाणी काचेचे टेबल आणि संगणक आले आहेत. दलाल या दोन्ही प्रकारच्या पेढ्यांत सारख्याच सहजतेने शिरतो. खांद्यावरच्या पिशवीत नमुने असतात, आणि पेढीचा मालक, त्याचा मुलगा व हिशेब सांभाळणारा मेहताजी या तिघांशी त्याचे तीन वेगळ्या प्रकारचे बोलणे असते. माल विकत घेणे त्याचे काम नाही आणि साठवणे तर नाहीच. तो विकणाऱ्याला घेणाऱ्याशी जोडतो, भाव आणि मुदत ठरवून देतो, पुढे वसुलीच्या फेऱ्या मारतो आणि या सगळ्याची दलाली बहुधा विकणाऱ्याकडून घेतो. कापडात ती साधारण एक ते दोन टक्के असते.

माझे दलाल साठीच्या पुढचे आहेत आणि बाजारात त्यांना सगळे काका म्हणतात. पहिल्या भेटीत त्यांनी टॉवेलला हात लावण्याआधी माझीच चौकशी केली. महिन्याला किती माल निघतो, एकच रंग दुसऱ्या खेपेला तसाच येतो का, सणाच्या तोंडावर माल अडकला तर आधी कोणाला देणार, आणि मुंबईत याआधी कोणाला माल दिला आहे, असे त्यांचे प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पडताळून पाहायला त्यांना दुपारपर्यंतसुद्धा वेळ लागला नसावा. जी माणसे ग्राहकाची पत मोजतात, ती विकणाऱ्याचीही पत मोजतात, आणि ही दुहेरी तपासणी हाच मला या सेवेचा गाभा वाटतो. इतर तीन सेवांनी शुल्क घेताना माझ्या मालाविषयी किंवा माझ्या शब्दाविषयी काहीही विचारले नव्हते. धनादेश वटला की मी पात्र ठरत होतो.

त्यानंतर त्यांनी नमुने ठेवून घेतले आणि काही दिवसांनी दोन पेढ्यांची नावे सुचवली. तिसऱ्या एका पेढीने माझा नमुना पाहून स्वतःहून चांगला भाव देऊ केला होता; तिच्याविषयी काकांनी एवढेच सांगितले की तिथे पैसे बुडत नाहीत, पण चपला झिजतात. एवढ्या एका वाक्यात त्या पेढीचा पूर्ण पत-अहवाल होता. पतमापन करणाऱ्या संस्थांना कर्जाचे हप्ते दिसतात, पण सूतवाल्याला, रंगाईवाल्याला आणि आमच्यासारख्या दहा-वीस कारखानदारांना एखादी पेढी कसे खेळवते, हे त्यांना दिसत नाही. रोज त्याच गल्लीत फिरणाऱ्या माणसाला मात्र ते दिसते. एखाद्या दुकानात मेहताजी अचानक 'सोमवारी या' असे सगळ्यांनाच सांगू लागला, तर ती बातमी दलालाला आधी कळते आणि कारखानदाराला शेवटी. या बाबतीत माझ्या पाहण्यातील कोणतीही सेवा त्याच्या जवळपासही येत नाही.

अर्थात त्याच्या शब्दाला कागदाची जोड द्यायला हवी, आणि ती आता फुकट मिळते. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, आणि विवरणपत्रे वेळच्या वेळी भरली जातात की नाही, हे कोणालाही पाहता येते. सरकारचे विवरणपत्र लागोपाठ उशिरा भरणारी पेढी माझे बिल मात्र वेळेवर चुकवील, असे मानण्याचे काही कारण नसते. काकांचे मत आणि संकेतस्थळावरची नोंद बहुतेक वेळा जुळते. जुळत नाही तेव्हा मी माल एका गठ्ठ्यापुरताच देतो.

सौदा झाल्यावरच्या सेवेचे मोल मला उशिरा कळले. टॉवेलचा व्यापार वजनावर चालतो. तीस बाय साठ इंचांचा, चौरस मीटरला चारशे ग्रॅमचा टॉवेल साधारण ४६५ ग्रॅम भरायला हवा, आणि घाऊक व्यापारी डझन तराजूवर टाकूनच बोलतो. सुती माल हवेतला ओलावा शोषतो, त्यामुळे सोलापूरच्या कोरड्या हवेत मोजलेले वजन मुंबईच्या दमट हवेत किंचित वाढते. कमी होत नाही. म्हणून मुंबईत वजन कमी भरले तर हवेला दोष देण्याची सोय कारखानदाराला नसते, आणि उलट, वजन बरोबर असूनही एखादा ग्राहक कापून घेऊ लागला तर त्याच्यासमोर उभे राहून पुन्हा डझन मोजायला लावणारा माणूस तिथे लागतो. साडेचारशे किलोमीटरवरून फोनवर हे काम होत नाही. रंगाच्या छटेतला फरक, शिलाईत निघालेले तुकडे आणि बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, लिहिलेल्यापेक्षा कमी निघालेले नग, अशा रोजच्या कटकटी दलाल दोन्ही बाजूंना थोडे थोडे नमवून, बिलातला वटाव, म्हणजे सूट, इकडे-तिकडे करून मिटवतो. त्यात न्यायापेक्षा तडजोड अधिक असते, परंतु पुढची ऑर्डर शाबूत राहते.

आता दोष. पहिला आणि सर्वांत मोठा दोष असा की दलाली मी देत असलो, तरी दलालाची बैठक ग्राहकाच्या पेढीत असते. मी त्याला महिन्यातून एकदा भेटतो, ग्राहक त्याला दिवसातून दोनदा भेटतो, आणि भावाच्या ओढाताणीत हा फरक जाणवतो. 'शेठ एवढ्यातच घेतील' हे वाक्य तो शेठशी पुरेसे भांडल्यानंतर म्हणतो की आधीच, हे ओळखण्याचा उपाय मला अजून सापडलेला नाही. दुसऱ्या कारखान्याचे टॉवेलही त्याच पिशवीत असतात, हे गृहीत धरूनच चालावे लागते.

दुसरा दोष जबाबदारीचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३० नुसार, वेगळा करार नसेल तर मालकाच्या वतीने सौदा करणारा मध्यस्थ त्या सौद्याला स्वतः बांधील नसतो. म्हणजे ग्राहकाने पैसे बुडवले तर दलालाची फक्त दलाली जाते आणि कारखानदाराचा माल जातो. परगावच्या ग्राहकासाठी खरेदी करणारा अडत्या पैशांची हमी स्वतः घेतो तेव्हा त्याचा मोबदलाही त्या मानाने जास्त असतो. दलाल आणि अडत्या यांच्या जबाबदारीतला हा फरक नवख्या कारखानदाराने पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्यावा, कारण बाजारात तो कोणी आपणहून समजावून सांगत नाही. मला एका पेढीने वर्षभर हप्त्याहप्त्याने पैसे दिले तेव्हा काका माझ्या वतीने तिथे बसून राहिले हे खरे, पण बसण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते.

तिसरा दोष तोंडी कारभाराचा. जुन्या पद्धतीत भाव, मुदत आणि वटाव हे सारे दलालाच्या डोक्यात असते, आणि त्याचे डोके चालते तोवर ते उत्तम चालते. मी आता प्रत्येक सौद्यानंतर नग, भाव, वजन आणि पैसे देण्याची तारीख लिहून ग्राहकाला आणि दलालाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. प्रारंभी यावर थोडी नाराजी झाली, पण नंतर दोघेही त्याला सरावले. याला कायद्याचेही कारण आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. काळबादेवीतली नव्वद दिवसांची तोंडी उधारी या कायद्यापुढे टिकत नाही, हे बाजारालाही ठाऊक आहे आणि बाजाराने त्याकडे वर्षानुवर्षे काणाडोळा केला.

हा काणाडोळा पहिल्यांदा अवघड झाला तो आयकरामुळे. मुदतीत न दिलेली अशी देणी त्या वर्षाच्या खर्चात धरता येणार नाहीत, अशी कलम ४३ब मधील तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात चांगलीच धावपळ उडाली. वर्षअखेरीस बाकी पडलेली रक्कम उत्पन्न म्हणून गणली जाणार म्हटल्यावर काही ग्राहकांनी पैसे खरोखरच लवकर दिले, तर काहींनी माल परत घेता का, असे विचारले. काकांचा सल्ला होता की बिलावर उद्यम नोंदणीचा (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक छापू नका, म्हणजे ग्राहक बिचकणार नाही. दलालाचा सल्ला कोणाच्या सोयीचा असतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. मी क्रमांक छापतो. त्यामुळे एक ग्राहक गेला आणि दुसऱ्याने मुदत साठ दिवसांवर आणली. हिशेब केला तर माझे नुकसान झालेले नाही. थकलेल्या देण्यांसाठी सरकारच्या पोर्टलवर तक्रार करण्याचा मार्गही उपलब्ध आहे, परंतु तो वापरल्यावर त्या पेढीशी आणि कदाचित तिच्या शेजारच्या दोन पेढ्यांशीही धंदा संपला असे समजावे. ज्याचे पैसे बुडालेच आहेत, त्याने तो जरूर वापरावा.

दलालाची पोच जिथे संपते तिथे बाकीच्या सेवांचा विचार करावा लागतो. हॉटेलांच्या साखळ्या, रुग्णालये आणि निर्यातदार हे टॉवेलचे मोठे ग्राहक आहेत, पण त्यांच्या खरेदी विभागात काळबादेवीच्या दलालाला कोणी ओळखत नाही. त्यांच्यासाठी मी प्रदर्शनात गाळा घेतला. मुंबईतील मोठी व्यापारी प्रदर्शने गोरेगाव पूर्वेच्या नेस्को संकुलातील बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये आणि अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतात. गाळ्याचे भाडे चौरस मीटरवर ठरते आणि छोट्या कारखानदाराच्या वाट्याला सहसा तीन मीटर बाय तीन मीटरचा, तयार भिंतींचा गाळा येतो. भाड्यावर जीएसटी, जादा दिवे, मांडणीची फळ्या-टेबले, कामगारांची राहण्याची सोय आणि नमुन्यांची वाहतूक धरली की एकूण खर्च भाड्याच्या दीडपटीच्या पुढे सहज जातो, आणि तो सगळा एकही सौदा होण्याआधी करावा लागतो.

प्रदर्शनाच्या बाजूने बोलायचे तर ज्या खरेदी अधिकाऱ्यापर्यंत फोनवर पोचायला सहा महिने लागले असते, तो तिथे चालत माझ्या टेबलापाशी आला. ज्याला वाट पाहता येते आणि ज्याचा माल हात लावून कळण्यासारखा आहे, त्याला गाळा लाभतो. परंतु येणाऱ्यांपैकी मोठा भाग स्पर्धकांचा, यंत्रे विकणाऱ्यांचा, विद्यार्थ्यांचा आणि पिशव्या गोळा करणाऱ्यांचा असतो. एका प्रदर्शनात आयोजकांनी आधी ठरवून दिलेल्या भेटी असतील असे आश्वासन दिले होते. त्या भेटींच्या यादीत माझ्याच गावचे दोन उत्पादक निघाले. ओळखपत्र स्कॅन करून दिलेली ग्राहकांची यादी दिसायला भरघोस असते, पण तिच्यातील नावांपुढे माझ्या एकमेव प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नसते.

हॉटेलांसारखे कंपनी स्वरूपाचे ग्राहक मिळाले तर त्या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या सोयीतून मिळते, आणि तिचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या ट्रेड्स या व्यवस्थेत कंपनीने मान्य केलेले बिल बँका लिलावात विकत घेतात आणि कारखानदाराला काही दिवसांत पैसे मिळतात. पुढे कंपनीने उशीर केला तरी बँक कारखानदाराच्या मागे लागत नाही. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या व्यवस्थेवर नोंदणी सक्तीची झाली आहे. नोंदणी असली म्हणजे कंपनी बिल मान्य करीलच असे नाही, म्हणून पहिल्याच बोलणीत हा विषय काढावा. काळबादेवीच्या पेढ्यांना मात्र या व्यवस्थेचा काही उपयोग नाही, कारण तिथले बिल कोणी संगणकावर मान्य करीत बसत नाही.

वाणिज्य मंडळांविषयी मला आदर आहे आणि तो थोडासा गावाच्या अभिमानातून आलेला आहे. मुंबईतले बॉम्बे चेंबर १८३६ चे. त्यात युरोपीय व्यापाऱ्यांचे वर्चस्व असल्यामुळे भारतीय व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर काढले. आणि १९२७ मध्ये ज्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर उभे राहिले, ते वालचंद हिराचंद मूळचे आमच्या सोलापूरचे. काळा घोड्याजवळच्या या चेंबरच्या कार्यालयात सोलापूरच्या माणसाशी मराठीत बोलले जाते, ही गोष्ट पहिल्यांदा मुंबईत येणाऱ्याला लहान वाटणार नाही. कर, कामगार कायदे आणि निर्यातीची कागदपत्रे यांविषयीचे मार्गदर्शन, मालाच्या मूळ देशाचे प्रमाणपत्र, परदेशी शिष्टमंडळांशी भेटी आणि शासनापुढे गाऱ्हाणे मांडण्याची सोय यांसाठी अशा मंडळांचे सभासदत्व घ्यावे. ग्राहक मिळतील म्हणून घेऊ नये. सभासदांच्या यादीतला पत्ता घेऊन मी ज्यांना भेटलो त्यांनी चहा दिला, चौकशी केली आणि दलालाचा फोन नंबर दिला.

आठवड्याच्या बैठकांच्या गटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सकाळी सातला हॉटेलात जमायचे, प्रत्येक धंद्यातला एकच सभासद, आपल्या ओळखीतला ग्राहक दुसऱ्याला द्यायचा आणि त्याची चिठ्ठी लिहायची, अशी त्यांची पद्धत असते. विमा, अंतर्गत सजावट, छपाई, हिशेबनीस, दंतवैद्य अशा शहरातल्या सेवांना ती मानवते. घाऊक मालाच्या उत्पादकाला तिथे मिळतात ते दिवाळीच्या भेटीसाठी पन्नास टॉवेल मागणारे ग्राहक. शिवाय सोलापूरहून दर आठवड्याची हजेरी अशक्य आणि हजेरी चुकली की सभासदत्व धोक्यात. शहराबाहेरच्या कारखानदाराने या गटाचे शुल्क वाचवलेले बरे.

खर्चाच्या बाजूने पाहता दलालाची सेवा मला सर्वांत रास्त वाटते, आणि त्याचे कारण तिच्या दरापेक्षा वसुलीच्या वेळेत आहे. दहा लाखांच्या विक्रीवर दीड टक्क्याने पंधरा हजार होतात, आणि आमच्यात असे ठरलेले आहे की ग्राहकाचे पैसे माझ्या खात्यात आल्यावरच त्या रकमेवरची दलाली निघते. त्यामुळे वसुलीत त्यांचा जीव गुंततो. सौदा होताच दलाली मागणाऱ्या माणसाशी हे जमत नाही, आणि अशा माणसाबरोबर काम करू नये असे माझे मत आहे. दलाल जीएसटीखाली नोंदलेला असेल तर दलालीवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्याचे बिल घ्यावे. तसेच उद्गम करकपात (टीडीएस) लागू होत असेल तर ती विसरू नये. तिचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून पाचवरून दोन टक्क्यांवर आला आहे. रोखीत आणि चिठ्ठीवर दलाली घेण्याचा आग्रह अजून काही ठिकाणी होतो. तो मानल्यास तो खर्च हिशेबात दाखवता येत नाही आणि दोन टक्क्यांची दलाली प्रत्यक्षात अडीच टक्क्यांच्या पुढे जाते.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्याचा माल ठरावीक वजनाचा, सातत्याचा आणि महिन्याला काही गठ्ठे निघणारा आहे, ज्याला मुंबईत स्वतःचा माणूस बसवणे परवडत नाही आणि ज्याच्याकडे निदान दोन महिन्यांची उधारी पेलण्याइतके भांडवल आहे, त्याने ती निःशंकपणे घ्यावी. ज्याला स्वतःच्या नावाची छाप बाजारात उमटवायची आहे, त्याने मात्र सावध राहावे, कारण घाऊक पेढ्यांना कारखानदाराचे लेबल नकोच असते आणि दलाल त्या बाबतीत त्यांच्या बाजूने असतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन असूनही काळबादेवीत आमचा बराच माल बिनलेबली गठ्ठ्यातून विकला जातो, याची जबाबदारी या साखळीवरही आहे.

दलाल शोधण्यासाठी मुंबईत जाऊन दारोदार विचारण्यापेक्षा आपल्याच गावातल्या ट्रान्सपोर्टवाल्याला आणि सूत व्यापाऱ्याला विचारावे. कोणाचा माल कोणत्या पेढीला नियमित जातो आणि कोणाचा परत येतो, हे बिल्ट्या फाडणाऱ्याला नेमके ठाऊक असते. एकाच गल्लीत दोन दलाल ठेवू नयेत. मुळजी जेठासाठी एक आणि उपनगरांतल्या दुकानांसाठी दुसरा, असे क्षेत्र वाटून द्यावे आणि दोघांनाही ते सांगून ठेवावे. काकांचा मुलगा आता नमुन्यांचे फोटो मोबाइलवर पाठवून सौदे करतो आणि त्याचे नवे ग्राहक बहुतेक उपनगरांतले आहेत, पण टॉवेलची फुगीर वीण फोटोत कळत नाही, म्हणून नमुन्यांची पिशवी त्याच्याही खांद्यावर आहे.

जाण्यायेण्याविषयी थोडे. वंदे भारतने सकाळी सोलापूरहून निघालेला माणूस दुपारी साडेबाराच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो आणि त्याच दिवशी परतायचे तर चारच्या गाडीमुळे त्याच्या हाती जेमतेम तीन तास उरतात. बाजार अकरानंतर जागा होतो आणि पेढीचा मालक जेवण आटोपून चारनंतर निवांत भेटतो, हे पाहता रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाऊन त्याच गाडीने परतणे सोयीचे पडते. टर्मिनसपासून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत वीस मिनिटांत काळबादेवी येते. पश्चिम उपनगरांतून किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातून यायचे असल्यास २०२५ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण सुरू झालेल्या तिसऱ्या मेट्रो मार्गिकेचे काळबादेवी स्थानक जवळचे. रविवारी बाजार बंद असतो, मार्चअखेरीस कोणी नवा सौदा बोलत नाही, आणि दिवाळीच्या वहीपूजनानंतर लाभपंचमीपर्यंत बहुतेक पेढ्यांची दारे उघडत नाहीत. पहिली भेट लाभपंचमीनंतरच्या आठवड्यात ठेवावी : सणाची विक्री झालेली असते, शेठांचे कपाट रिकामे असते आणि जुन्या बाकीचा विषय काढला तरी कोणी वाईट वाटून घेत नाही.